नवमीला जेवायला आलेली सवत

माझ्या लग्नात बोहल्यावर दोन नवऱ्या होत्या. एक उभी होती, ती मी. दुसरी माझ्या गळ्यात लोंबत होती, ती माझी सवत. अंगानं चांदीची, उंचीनं बोटाच्या पेराएवढी, डोळे वाटोळे आणि दोन्ही हात पसरलेले, एखाद्यानं दारात आडवं उभं राहून वाट अडवावी तसे.

आमच्याकडे बिजवराला मुलगी दिली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. सोनार चांदीच्या पत्र्यावर बाईचा आकार ठोकून देतो, आणि तेवढ्यानं मेलेली बायको पुन्हा घरात येते. मग जे काही नवं येईल त्याचा मान आधी तिचा. लुगडं आणलं की टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाच्या तोंडाला. कासारीण आली तर पहिली बांगडी टाकाला टेकवून मगच माझ्या मनगटात. मी सोळा वर्षांची होते. थोरल्या जावेशी वागावं तशी मी त्या चांदीच्या बाईशी वागत होते. तिला अक्का म्हणत होते, आणि कुणाचं लक्ष नसलं की तिला जीभ काढून दाखवीत होते.

इंग्रज जायला वर्ष-दोन वर्षं राहिली असतील. आमच्यावर मात्र निजामाचं राज्य. गाव साखरा आणि पुसेगाव यांच्या मधलं, ज्वारी-कापसाचं. घरात तीन माणसं: नवरा, त्याची विधवा आई आणि मी. नवरा वाईट नव्हता, पण बोलका नव्हता. काही विचारलं की आधी बैलांकडे बघायचा, जणू उत्तर त्यांनी द्यायचं होतं. सासू त्याच्या वाटचं बोलायची आणि वर बैलांच्या वाटचंही.

पहिल्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोट खाली झालं. दुसऱ्या वर्षी तेच. दुसऱ्या खेपेनंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. रोज सकाळी उठले की टाक छातीवर नसायचा. तो फिरून पाठीवर गेलेला असायचा, मणक्याला चिकटून, तोंड मागं करून. मी रोज पुढं ओढायची, तो रोज मागं जायचा. माणूस झोपेत कूस बदलतं, दोरा सरकतो, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्या पाठीला दोन डोळे फुटलेत आणि ते माझे नाहीत.

पाणवठ्यावरच्या बायकांनी निकाल देऊन टाकला होता. अक्का बाळंतपणात गेलेली, आणि बाळंतपणात मेलेली बाई अळवंत होते. तिला स्वतःचं लेकरू मिळालं नाही, म्हणून ती दुसरीचं ठेवू देत नाही. शहरातल्या लोकांना वाटतं की भुतं रात्री निघतात. आमच्याकडची भुतं बिचारी कष्टकरी, भर दुपारी बाराला उन्हातान्हात कामाला लागतात. माणसाची सावली पायाखाली गेली की यांची वेळ सुरू. मला सांगितलेलं होतं की दुपारी एकटीनं बांधावर जायचं नाही, केस मोकळे सोडायचे नाहीत, आणि मागून कुणी हाक मारली तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही. नवऱ्यानं एकदा शेतातून मला दोनदाच हाक मारली. मी तिसरीची वाट बघत बसले आणि तो भाकरीवाचून राहिला.

तिसऱ्यांदा दिवस गेले आणि तिसरा महिना पार पडला, चौथाही पडला. मी मनातल्या मनात नाचत होते आणि पाऊल मात्र अंड्यावर ठेवल्यासारखं ठेवत होते. एका सकाळी जोंधळे निवडता निवडता सासू म्हणाली, "आहेव नवमीला बोलती बाई आणायची."

आहेव नवमी म्हणजे भाद्रपदातल्या पितरांच्या पंधरवड्यातली नवमी. नवरा जिवंत असताना ज्या बाया मेल्या त्यांचा हा दिवस. त्या दिवशी त्यांच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, तिला लुगडं-खण देतात. आणि बोलती बाई म्हणजे पुसेगावच्या पलीकडची एक पन्नाशीची बाई, जिच्या तोंडून मेलेली माणसं बोलत. तिचा नवरा जिवंत होता. म्हणजे जेवायला सवाष्ण तीच आणि तिच्यातून बोलणारी सवतही तीच. एका ताटात दोन कामं.

"कशाला वो आत्याबाई?" मी विचारलं.

"तिलाच इचारायचं. हे लेकरू ठेवती का न्हाई. ठेवती म्हणाली तर बराबर. न्हाई म्हणाली तर तुला तरी तकलीफ कशाला? तुझ्या भावाला सांगावा धाडू, घिऊन जाईल."

"किती दिवसांसाठी?"

सासूनं सुपातला एक खडा बाहेर टाकला. "हट्ट्याला माझ्या भावाची पोरगी हाय," ती म्हणाली. "तिच्या पत्रिकेत सवतीचा दोष न्हाई."

बास. एवढ्या दोन वाक्यांत माझा सगळा प्रपंच सुपाच्या कडेला येऊन थांबला. मेलेली बाई हो म्हणाली तर मी या घरची. ती नाही म्हणाली तर मी पोटातल्या जिवासकट माहेरच्या ओसरीवर, जन्मभर.

आता एक गुपित सांगते. बोलत्या बाईला मेलेल्या माणसांच्या गोष्टी कुठून कळतात हे मला ठाऊक होतं. गावात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं असं की त्याच चैत्रात शेजारच्या काकूंकडे ही बाई आली होती. काकूंचा मेलेला सासरा तिच्या तोंडून बोलला, "माझ्या तांबड्या बैलाचं शिंग काहून मोडलं गं?" बायका गार पडल्या. मीही पडले. पण मग आठवलं की याच शिंगाची कहाणी काकूंनी आठ दिवसांपूर्वी कासारणीला सांगितली होती, माझ्या देखत. कासारीण म्हणजे कशी, की ती बाईचा हात हातात घेते, पंजा दाबून दाबून मऊ करते, हाडं गोळा करून बांगडी सरकवते, आणि तेवढ्या वेळात बाई आपलं सगळं पोट तिच्यापुढं मोकळं करते. हात दुसऱ्याच्या ताब्यात असला की माणूस खोटं बोलत नाही. आणि ही कासारीण पुसेगावच्या बाजाराला मुक्काम कुणाकडे करायची? बोलत्या बाईकडे.

तुम्ही म्हणाल, मग भ्यायचं काय राहिलं? पण बोलत्या बाईवरचा माझा विश्वास उडाला होता, अक्कावरचा उडाला नव्हता. अक्का रोज माझ्या पाठीवर चढत होती. माझ्या मनात दोन्ही सुखानं नांदत होतं: बाई खोटी, भूत खरं.

महालक्ष्म्यांच्या आधी कासारीण आली. सासू परड्यात गोवऱ्या रचत होती. मी हात पुढं केला.

"हात थंडगार पडला गं तुझा," कासारीण म्हणाली. "कितवा?"

"पाचवा लागला."

"मंग ह्या बारीला ऱ्हाईल."

"ऱ्हाईल. अक्का सांभाळून राहिली ना," मी म्हणाले आणि पदर डोळ्याला लावला.

बांगडी माझ्या पंजावर अर्ध्यातच थांबली. "कोण अक्का?"

मी टाकाकडे बोट दाखवलं. "सपनात येती. उशाशी बसती, केसांतून हात फिरवती. म्हणती, धाकटे, भिऊ नको, तुझ्या पोटात हाय ते माझंच लेकरू हाय. माघारी आलं."

"अगं बाई! आणिक काय म्हणती?"

इथंच थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मला नाटकाची खोड जन्मापासूनची. नुसतं गोड बोललेलं खरं वाटत नाही, त्याला काहीतरी तोंडी लावणं लागतं.

"आणिक अंबाडीची भाजी मागती," मी म्हणाले. "म्हणती, लई दिवस झाले, कोणी खाऊ घातली न्हाई."

अक्काला मी कधी पाहिलं नव्हतं. तिला काय आवडायचं याची मला कल्पना नव्हती. अंबाडी मला आवडायची.

कासारणीनं त्या दिवशी एक बांगडी फोडली आणि तिचे पैसे मागितले नाहीत. मी ओळखलं की माल पोचला.

तिथून नवमीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सासूनं काही विचारलं की मला वाटायचं हिला कळलं. ती गप्प बसली की वाटायचं नक्कीच कळलं. पोटातलं हललं की जीव सुखावायचा, आणि हललं नाही की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. सकाळी टाक पाठीवर सापडला की मी कुजबुजायची, "अक्का, रागावू नको. तुझ्या नावानं थोडं बोलले. तुझ्याच लेकराच्या भल्यासाठी." खोटं बोलायचं ते बोलायचं, आणि जिच्या नावावर बोलले तिच्याच पाया पडायचं. दुसरं करणार तरी काय होते?

नवमीला पहाटेपासून चूल पेटली. पुरण, कढी, वडे, तांदळाची खीर. सासू सांगत होती, मी करत होते. सगळं पहिलीच्या आवडीचं. मी वाट बघत होते की ती आता अंबाडी म्हणेल, मग म्हणेल. तिनं म्हटलंच नाही. शेवटी मीच परड्यातून अंबाडीचा पाला खुडून आणला आणि चुलीवर ठेवला. उद्या बाईनं मागितली आणि घरात नसली तर?

सासू दारात आली. "हे काय?"

"अंबाडी. मला डोहाळा लागला, आत्याबाई."

"तुझ्या ताटात घे मंग. तिच्या ताटात चुकूनबी वाढू नको. ती अंबाडीला शिवत न्हव्हती. दात आंबतात म्हणायची. नुसता वास आला तरी उठून जायची."

माझ्या हातातला पळा भाजीत पडला.

पुढचं मी शुद्धीत केलेलं नाही. मिरच्यांचा ठेचा घातला, आणि घातला का नाही ते न आठवून परत घातला. मिठाचंही तेच झालं असणार. डोक्यात एकच चालू होतं: बाई अंबाडी मागणार, सासू म्हणणार ही माझी सून नव्हे, मग बाईला कुणी सांगितलं ते निघणार, कासारणीचं नाव येणार आणि कासारणीच्या मागोमाग माझं. सवतीच्या नावावर खोटं बोलणाऱ्या बाईला कुठलं घर ठेवून घेतं?

तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली.

बोलती बाई अंगानं भरलेली, कपाळावर आडवं मोठं कुंकू, चेहरा एखाद्या हलवायाच्या बायकोसारखा समाधानी. तिचा नवरा गाडीतून उतरला आणि उतरता उतरताच लिंबाखाली आडवा झाला. रीतीप्रमाणे सवाष्णीचे पाय धुवायचं काम माझं. शेजारच्या काकू पाणी ओतत होत्या आणि बाजूला दहा-बारा बायका ताटकळत बसल्या होत्या. बोलणार कसं? मी तिच्या पायाचा अंगठा धरून जोरात चिमटा काढला. तिनं खाली पाहिलं. मी मान हलवली, नाही, नाही. ओठांनी शब्द केला, अंबाडी. तिनं माझ्या डोक्यावर मायेनं हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भेदरून गेलं लेकरू."

दुपार डोक्यावर आली. अंगणात लिंबाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती. माजघरात तिच्यासमोर सुपात जोंधळे आणि त्यात पेटवलेली पणती. दिवसाउजेडी पणतीची ज्योत दिसत नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. बाईनं केस सोडले. एक जांभई दिली, मग दुसरी, मग जांभयांवर जांभया, इतक्या की बघणाऱ्या बायकाही जांभया देऊ लागल्या. मग ती डोलायला लागली. डोळ्यांतली बुबुळं वर गेली आणि नुसतं पांढरं उरलं. डावा गुडघा उभा करून त्यावर हनुवटी टेकवून ती बसली, आणि बायकांत एकदम "अग्गं बाई" झालं.

"तशीच बसायची!" काकू कुजबुजल्या. "बराबर तशीच!"

मला माहीत होतं की हे कासारणीकडून आलेलं आहे. तरी माझ्या अंगावर काटा उभा राहिला. कारण आवाजही बदलला होता. त्या भरलेल्या बाईच्या पोटातून एक बारीक, पातळ, आजारी आवाज आला. "आत्याबाई. मी आले."

सासू उंबऱ्याशी बसली होती, शेजारी तिचा पाण्याचा तांब्या. ती म्हणाली, "ये. बस. पोटभर जेव." आवाज घट्ट होता, पण बोटं जमिनीवर रेघा ओढत होती.

बाई गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे आली. माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरून तिनं मला पुढं ओढलं. तिची बोटं गार होती. नुकतेच हात धुतले होते म्हणून असतील. "ही माझी धाकटी," ती म्हणाली. "हिच्या पोटात माझं लेकरू माघारी आलं. हिला कोणी काही म्हणायचं न्हाई."

मी जिंकले होते. त्या क्षणी अक्का उठून गेली असती तर मी तिला चांदीचीच काय, सोन्याची करून घातली असती. पण बाई ताटाकडे वळली, एकेक पदार्थावर पांढरे डोळे फिरवले आणि म्हणाली, "माझी अंबाडी कुठं हाय?"

बायकांच्या माना सासूकडे वळल्या. 

सासू सावकाश म्हणाली, "तू तर अंबाडीला शिवत न्हव्हती."

मी डोळे मिटले. सगळं संपलं. आता मला फक्त भावाच्या गाडीची घुंगरं ऐकू यायची बाकी होती.

"जित्तेपणी दात आंबत व्हते, आत्याबाई," तो पातळ आवाज आला. "आता दात कुठं हायेत?"

बायका एकमेकींना चिकटल्या. एकीनं पदर तोंडात कोंबला. मी डोळे उघडले आणि त्या बाईला मनातून साष्टांग नमस्कार घातला. असा कलावंत मी नंतर आयुष्यात पाहिला नाही. सासू ताटाकडे बोट करून मला म्हणाली, "वाढ."

मी भाजी वाढली. बाईनं भाकरीचा भला मोठा घास केला आणि तोंडात टाकला.

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. पांढऱ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी चमकून ताटाकडे पाहिलं, आणि तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक, ठेचा मी दोनदा घातला होता. दोन, ताटाशेजारी पाणी ठेवायचं राहिलं होतं. पण मेलेल्या माणसाला तिखट लागत नाही, आणि सासू एकटक बघत होती. बिचारीनं दुसरा घास घेतला. मग तिच्यानं राहवलं नाही. घोगऱ्या, जळलेल्या आवाजात ती म्हणाली, "पाणी."

मी उठणार, तोच सासू ओरडली, "थांब! न्हाई द्यायचं!"

 सासू माझ्याकडे बघत नव्हती. तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून ती बाईकडे बघत होती.

"न्हाई द्यायचं गं," ती म्हणाली, आता समजावल्यासारखं. "तिसराच दिस हाय. पाणी प्यालीस तर मरशील. सुईण सांगून गेली, कोरडं ठेवा. दोन दिस कळ काढ, माझी बाय."

आमच्याकडे तेव्हा बाळंतिणीला पहिले पाच दिवस पाणी देत नसत. पाणी अंगात मुरतं, वात होतो, बाई फुगून मरते, अशी समजूत. सगळ्याच घरांत होती. पण या घरात त्याचं काय झालं ते त्या दुपारपर्यंत माझ्या कानावर आलेलं नव्हतं.

बाईनं तांब्याकडे हात केला. "पाणी," ती परत म्हणाली. "आत्याबाई, पाणी द्या वो."

आणि माझी सासू, जिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ती कुणी न विचारता सांगत सुटली. तापानं फणफणली होती, म्हणाली. लेकरू पहिल्याच दिवशी गेलं. ही पाणी पाणी करत होती. मी घागर उचलून बाहेर ठेवली, रांजण बाहेर ठेवला. मला वाटलं मी हिला वाचवून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी आत गेले तर ही बाजेवरून खाली आलेली. जिथं रांजण असायचा तिथली ओली माती तिनं चाटली व्हती. ओठाला माती व्हती. तशीच गेली.

 बोलत्या बाईची बुबुळं खाली आली होती. ती आता अक्का नव्हती, एक घाबरलेली, घामाघूम झालेली बाई होती. पण सासूला ते दिसत नव्हतं. ती गुडघ्यांवर सरकत पुढं आली आणि तांब्या बाईच्या ओठाला लावला.

"पी," ती म्हणाली. "घे. आता पी."

बाईनं तांब्या रिकामा केला. सासूनं मला खूण केली, मी भरून आणला. "अजून पी." दुसरा. "पी गं." तिसऱ्या तांब्याला बाई डोळ्यांनीच नको म्हणत होती, पण सासूच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं तोही संपवला. मग ती आडवी झाली, आणि या वेळी ते नाटक नव्हतं असं मला वाटतं.

निघताना मी तिला गाडीपाशी गाठलं. तिचा नवरा बैल जुंपत होता.

"मिरच्या किती घातल्या व्हत्या गं, रांडे?" ती दातओठ खात म्हणाली. "माझा जीव चालला व्हता!"

"चुकलं, मावशी. पण पाण्याचं तुमाला कोणी सांगितलं?"

"कोणतं पाणी? जीभ जळाली, पाणी मागितलं. मला काय माहीत ती बया तशी मेली ते?" तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझा दंड धरला. "ऐक. मी एकदाच मागितलं. दुसऱ्यांदा माझ्या तोंडातून आलं ते काहून आलं, मला इचारू नको. माझं तोंड भाजीनं भरलेलं व्हतं."

ती गाडीत चढली आणि मागं न बघता गेली. नंतर तिला बोलावणं धाडलं की तिचे गुडघे दुखत असायचे.

सासू आठ दिवस बोलली नाही. हट्ट्याचा विषय तिनं परत काढला नाही, आणि दिवाळीनंतर ती भाची दुसरीकडे दिल्याचं कळलं. मला वाटलं, सुटले. मग सातव्या महिन्यात माझा भाऊ गाडी घेऊन बाळंतपणासाठी न्यायला आला आणि सासू दारात उभी राहून म्हणाली, "न्हाई धाडत. हितंच व्हईल."

भाऊ चकित झाला. मी घाबरले. माहेरी धाडतील म्हणून मी नवमीपर्यंत भीत होते, आणि आता माहेरी धाडत नाहीत म्हणून भ्याले. इथं म्हणजे त्याच खोलीत, त्याच बाजेवर. सासूच्या मनात काय होतं? मेलेलीचं देणं फेडायचं होतं का? आणि ते कशानं फेडणार होती? नवऱ्याला विचारलं तर त्यानं बैलांकडे पाहिलं.

थंडीच्या दिवसांत मी बाळंत झाले. मुलगी झाली, आणि पहिल्याच श्वासाला सगळं घर डोक्यावर घेतलं. नवी सुईण तरुण होती, पण रीत जुनीच. "पाच दिस कोरडं," ती सांगून गेली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात ताप होता आणि मला कोपऱ्यातला रांजण दिसत होता. तो बाहेर नेलेला नव्हता. त्याच्या शेजारी सासू बसली होती, पाठ भिंतीला, तांब्या मांडीवर, पहिल्या दिवसापासून तशीच.

मी मागितलं नाही. मागायची माझी हिंमत नव्हती. त्या खोलीत तो शब्द परत उच्चारला की काय होईल, कोण मागेल आणि कोण ओ देईल, याची मला तापापेक्षा जास्त भीती वाटत होती. मुलगी छातीला चिकटली होती आणि तिला दूध मिळत नव्हतं. ती रडत होती, मी भिंतीकडे बघत होते.

"मागत काहून न्हाईस?" सासू एकदम म्हणाली.

मी वळून पाहिलं.

"तीन दिस झाले बसून राहिले मी," ती म्हणाली.  "एकदा माग ना गं. मागितलं तर देईन."

"पाणी द्या, आत्याबाई," मी म्हणाले.

तिनं माझ्या मानेखाली हात घातला आणि तांब्या ओठाला लावला. नेमकी त्याच वेळी सुईण दारात आली आणि किंचाळली, "आवो, काय करून राहिल्या? बाळंतीण मरंल!"

सासूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तांब्या आणखी कलता करत ती म्हणाली, "मरंल तर पिऊन मरंल."

मी प्यायले. पाणी हनुवटीवरून ओघळून मुलीच्या डोक्यावर पडलं आणि ती दचकून गप्प झाली. सासूनं ते पदरानं टिपलं, रांजणाकडे गेली आणि तांब्या परत भरला.